व्हिडिओ गेमच्या तंत्रज्ञानाचा नकाशा: नॉलेज ग्राफ म्हणजे काय आणि तो सगळे मिळून कसा बनवतात?

आटपाडीत अकरावीला असलेल्या एखाद्या मुलीला गेम बनवायला शिकायचं आहे, असं समजा. पब्जी आणि फ्री फायर तिनं खेळलेले आहेत. आता तिला स्वतःचा एक छोटा गेम करायचा आहे. माणदेशातला मेंढपाळ, त्याची मेंढरं आणि चारापाण्याचा शोध अशी गोष्ट, आणि पडद्यावरची भाषा मराठी. ती इंटरनेटवर शोधायला बसते आणि युनिटी, अनरियल, गोडो, ब्लेंडर, सी शार्प, व्हल्कन अशी नावं एकामागून एक समोर येतात. प्रत्येक नावाबद्दल माहिती भरपूर आहे. पण कोणतं कशासाठी वापरतात, कोणतं कशावर अवलंबून आहे, घरातल्या मोबाईलवर यातलं काय चालेल आणि मराठी अक्षरं कशात नीट दिसतील, हे एका जागी सापडत नाही.

तिला हवी आहेत ती या नावांमधली नाती. अशी नाती मांडण्याची एक पद्धत आहे, तिला नॉलेज ग्राफ म्हणतात. ती पद्धत काय आहे, गेमच्या तंत्रज्ञानासाठी ती कशी वापरतात आणि मराठी माणसानं त्यात लक्ष का घालावं, ते या लेखात पाहू.

थोडक्यात

- नॉलेज ग्राफ म्हणजे वस्तू आणि त्यांच्यातली नाती यांचं जाळं. वस्तू हे ठिपके, नाती या त्यांना जोडणाऱ्या रेषा.
- विकिडेटा हा असा सर्वांत मोठ्या खुल्या ग्राफपैकी एक आहे. तो कुणीही वापरू शकतो आणि त्यात भरही घालू शकतो.
- गेम कोणत्या इंजिनवर, कोणत्या भाषेत, कोणत्या यंत्रासाठी बनला, याच्या नोंदी त्यात ठेवता येतात.
- भारतीय गेम आणि मराठी नावं यांच्या नोंदी अजून विरळ आहेत.

नॉलेज ग्राफ म्हणजे काय?

आटपाडीचंच उदाहरण घेऊ. पुढची पाच वाक्यं पाहा.

- ग. दि. माडगूळकर – जन्मस्थान – शेटफळे
- शेटफळे – तालुका – आटपाडी
- 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) – कथा – ग. दि. माडगूळकर
- 'दो आँखें बारह हाथ' – प्रेरणा – स्वतंत्रपूरची खुली वसाहत
- स्वतंत्रपूर – तालुका – आटपाडी

प्रत्येक वाक्याचे तीन तुकडे आहेत: एक वस्तू, एक नातं, दुसरी वस्तू. ही पाच वाक्यं कागदावर ठिपके आणि रेषांनी काढली, तर आटपाडीहून निघालेली रेषा शेटफळे, गदिमा आणि व्ही. शांताराम यांचा चित्रपट असा फेरा मारून, औंध संस्थानानं १९३९ मध्ये कैद्यांसाठी उभारलेल्या स्वतंत्रपूरमार्गे पुन्हा आटपाडीला येते. सुटी वाक्यं वाचताना हा फेरा चटकन लक्षात येत नाही. चित्र काढलं की लगेच दिसतो.

नॉलेज ग्राफमध्ये एवढंच असतं, फक्त पाचाऐवजी लाखो वाक्यं असतात. 'नॉलेज ग्राफ' हे नाव लोकांच्या कानावर आलं ते मे २०१२ मध्ये, गूगलनं आपल्या शोधयंत्रात ही सोय आणली तेव्हा. शोधल्यावर उजवीकडे व्यक्तीचा फोटो, जन्मतारीख, गाव अशी चौकट येते, ती याच जाळ्यातून. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला विकिपीडियाच्या परिवारात विकिडेटा सुरू झाला. गूगलचं जाळं कंपनीचं आहे. विकिडेटातली माहिती मात्र सार्वजनिक मालकीची म्हणून खुली केलेली आहे. आज त्यात दहा कोटींहून जास्त वस्तूंच्या नोंदी आहेत.

एका गेममध्ये किती थर असतात?

खेळणाऱ्याला गेम ही एकच गोष्ट वाटते. बनवणाऱ्याच्या दृष्टीनं ती थरांची उतरंड असते.

*यंत्र.* मोबाईल, कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेंडो स्विच. यालाच प्लॅटफॉर्म म्हणतात.

*ग्राफिक्सचा दुवा.* चित्र काढण्याचे हुकूम गेमकडून ग्राफिक्स चिपपर्यंत पोचवणारी व्यवस्था. मायक्रोसॉफ्टची डायरेक्टएक्स, ॲपलची मेटल, आणि कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली व्हल्कन (२०१६) ही त्यातली प्रमुख नावं.

*इंजिन.* प्रकाश, हालचाल, आवाज, टक्कर, पडद्यावरची अक्षरं या नेहमी लागणाऱ्या गोष्टींचा तयार संच. अनरियल (१९९८), युनिटी (२००५) आणि खुलं असलेलं गोडो (२०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं) ही तीन नावं आज जास्त ऐकू येतात. पब्जी मोबाईल अनरियलवर बनलेला आहे, फ्री फायर युनिटीवर.

*इंजिनच्या आतले सुटे भाग.* वस्तू पडणं, आपटणं, घरंगळणं यांचं गणित करणारी फिजिक्सची लायब्ररी, आवाजासाठी एफमॉड किंवा वाइज, अक्षरं जुळवण्यासाठी हार्फबझ.

*भाषा आणि अवजारं.* सी प्लस प्लस, सी शार्प, जीडीस्क्रिप्ट या भाषा. मॉडेल बनवायला ब्लेंडर किंवा माया.

या थरांमध्ये 'वर बनला', 'वापरतो', 'पासून निघाला', 'वर चालतो' अशी नाती असतात. 'पासून निघाला' हे नातं तर वंशावळीसारखंच आहे. १९९६ च्या क्वेक या गेमच्या इंजिनात बदल करून व्हॉल्व्ह कंपनीनं हाफ-लाइफ (१९९८) बनवला, आणि त्यातूनच पुढे तिचं सोर्स इंजिन आलं. क्वेकच्याच घराण्यातलं तिसरं इंजिन पहिल्या कॉल ऑफ ड्यूटीनं (२००३) वापरलं. एकमेकांशी स्पर्धा करणारे गेम असे दूरचे भाऊबंद निघतात.

पुण्याचा एक गेम नकाशावर ठेवून पाहू

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा भारतातल्या गाजलेल्या स्वतंत्र गेमपैकी एक. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट आहे. ग्राफमध्ये तिची नोंद अशी होईल.

- राजी – प्रकार – व्हिडिओ गेम
- राजी – निर्माता – नॉडिंग हेड्स गेम्स
- नॉडिंग हेड्स गेम्स – मुख्यालय – पुणे
- राजी – इंजिन – अनरियल इंजिन ४
- राजी – प्लॅटफॉर्म – निन्टेंडो स्विच (१८ ऑगस्ट २०२० पासून)
- राजी – प्लॅटफॉर्म – विंडोज, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन (१५ ऑक्टोबर २०२० पासून)

या सहा ओळी एकदा नीट भरल्या की हा गेम आपोआप अनेक याद्यांमध्ये सापडायला लागतो: पुण्यात बनलेले गेम, अनरियलवरचे भारतीय गेम, २०२० मध्ये स्विचवर आलेले गेम. या याद्या कुणाला हातानं करत बसावं लागत नाही. साध्या लेखात आणि ग्राफमध्ये हाच मोठा फरक आहे. लेख माणसाला वाचता येतो. ग्राफ माणसाला वाचता येतो आणि कॉम्प्युटरला त्यावर प्रश्नही विचारता येतात.

सगळे मिळून बनवतात, म्हणजे नेमकं कसं?

गेमच्या नोंदी जमवण्याचं काम जुनं आहे. मोबीगेम्स हा लोकांनी भरलेला संग्रह १९९९ पासून चालू आहे. विकिडेटावर व्हिडिओ गेमच्या नोंदींसाठी स्वयंसेवकांचा वेगळा प्रकल्प आहे. तिथलं काम तीन नियमांवर चालतं.

*पहिला नियम: प्रत्येक वस्तूला आणि नात्याला क्रमांक.* 'व्हिडिओ गेम' या कल्पनेचा क्रमांक क्यू७८८९ आहे. 'निर्माता' हे नातं पी१७८, 'प्लॅटफॉर्म' हे पी४००, 'इंजिन' हे पी४०८. क्रमांक एकच, नावं मात्र हव्या तितक्या भाषांत. त्यामुळे जपानी माणसानं भरलेली नोंद मराठी वाचकाला मराठीत दिसू शकते, पण त्या क्रमांकाला कुणीतरी मराठी नाव दिलेलं असलं तरच. नाव नसेल तर इंग्रजी नाव किंवा नुसता क्रमांक दिसतो.

*दुसरा नियम: काळ आणि अट लिहायची.* आटपाडी कुठे आहे? आज सांगली जिल्ह्यात. पण स्वातंत्र्याआधी ती औंध संस्थानात होती, आणि विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आली. त्याच जिल्ह्याचं पुढे सांगली असं नाव झालं. यातलं एकही उत्तर चूक नाही, प्रत्येकाचा काळ वेगळा आहे. गेमचंही तसंच. फोर्टनाइट आधी अनरियल ४ वर होता, डिसेंबर २०२१ मध्ये तो अनरियल ५ वर गेला. म्हणून जुनी नोंद पुसत नाहीत. तिला 'अमुक तारखेपर्यंत' अशी शेपटी जोडतात आणि नवी नोंद शेजारी ठेवतात.

*तिसरा नियम: पुरावा द्यायचा.* 'मला माहीत आहे' हा पुरावा चालत नाही. निर्मात्याची मुलाखत, गेमच्या शेवटची श्रेयनामावली, छापून आलेला लेख यांपैकी काहीतरी जोडावं लागतं. दोन स्रोत वेगवेगळं सांगत असतील तर दोन्ही नोंदी ठेवता येतात.

प्रत्येक बदल कुणी आणि कधी केला याचा इतिहास राहतो. कुणी खोडसाळपणा केला तर आधीची नोंद परत आणता येते.

चित्र कशासाठी?

विकिडेटाला प्रश्न विचारण्यासाठी स्पार्कल नावाची भाषा आहे. त्या भाषेतला प्रश्न मराठीत सांगायचा तर असा असतो: जे व्हिडिओ गेम आहेत, ज्यांचं इंजिन अनरियल आहे आणि ज्यांच्या निर्मात्याचं मुख्यालय महाराष्ट्रात आहे, असे सगळे दाखव. उत्तर तक्ता, कालरेषा, भौगोलिक नकाशा किंवा ठिपके-रेषांचं जाळं अशा हव्या त्या रूपात मिळतं.

जाळ्याच्या रूपाचा फायदा असा की गर्दी कुठे आहे आणि मोकळी जागा कुठे आहे, हे नजरेला लगेच कळतं. एका ठिपक्यावर शेकडो रेषा येत असतील तर तो ठिपका हलला की बरंच काही हलणार. एखादा ठिपका एकटाच पडला असेल, तर त्याची माहिती भरायची राहिली आहे किंवा ते तंत्र मागे पडलं आहे.

मात्र सगळंच एकदम काढलं तर चित्र म्हणजे गुंतलेल्या लोकरीचा गुंडा होतो. म्हणून आधी प्रश्न ठरवायचा आणि त्याला लागतील तेवढेच ठिपके काढायचे. शंभर ठिपक्यांच्या गुंत्यापेक्षा पंधरा ठिपक्यांचं चित्र जास्त सांगतं.

नकाशा नसला तर काय बिघडतं?

*एक: खालचा थर गेला की वरचं सगळं जातं.* ॲडोबीनं ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश बंद केलं. सायबर कॅफेत आणि शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एका पिढीनं खेळलेले ब्राउझरमधले असंख्य गेम त्यावर उभे होते. रफल या इम्युलेटरमुळे आणि इंटरनेट अर्काइव्हच्या संग्रहामुळे त्यातले बरेच वाचले. पण वाचवायचे कोणते, हे कळायला आधी यादी लागते. ज्या गेमची कुठेच नोंद नव्हती, तो गेल्याचंही कुणाला कळलं नाही. नोकियाच्या जुन्या फोनवरच्या जावा गेमची गतही तीच. मुंबईच्या इंडियागेम्ससारख्या कंपन्यांनी त्या काळात केलेलं काम आज शोधायला गेलं तर तुकड्यातुकड्यांत सापडतं. अमेरिकेसारख्या मोठ्या बाजारातही २०१० पूर्वीच्या गेमपैकी जेमतेम १३ टक्के आज विकत मिळतात, असं तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात दिसलं.

*दोन: मालकाचा निर्णय.* १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीनं जाहीर केलं की ठरावीक मर्यादेपुढे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल, तितक्या वेळा शुल्क लागेल. जगभरातून विरोध झाला. आधी अटी सैल झाल्या आणि वर्षभरानं शुल्कच मागे घेतलं गेलं. मधल्या काळात छोट्या निर्मात्यांपुढे एकच प्रश्न होता: आपलं किती काम या एका ठिपक्याला बांधलेलं आहे, आणि दुसरीकडे जायचं तर सोबत काय नेता येईल? अवलंबित्वाचा नकाशा नेमकं हेच सांगतो. ब्लेंडरमधली मॉडेल बरोबर नेता येतात, युनिटीसाठी लिहिलेला बराचसा कोड नेता येत नाही.

*तीन: श्रेय.* फिनलंडच्या रोव्हियोचा अँग्री बर्ड्स (२००९) जगभर गाजला. त्यातल्या पक्ष्यांच्या उड्या आणि कोसळणाऱ्या फळ्या यांचं गणित बॉक्स२डी ही खुली लायब्ररी करते. तिचा निर्माता एरिन कॅटो यानं २०११ मध्ये गेम निर्मात्यांच्या परिषदेत भर सभेत विचारलं, तुम्ही कोणतं फिजिक्स इंजिन वापरता? उत्तर आलं, बॉक्स२डी. मग त्यानं स्वतःची ओळख सांगून श्रेय देण्याची विनंती केली. 'वापरतो' हे नातं नोंदलेलं असतं, तर हे विचारायला त्याला सभेत उभं राहावं लागलं नसतं.

मराठी अक्षरांची अडचण

आता आटपाडीच्या मुलीकडे परत येऊ. तिच्या गेममध्ये मराठी हवी आहे, आणि अनेक शिकाऊ निर्माते अडकतात ते इथेच.

'कि' लिहिताना कॉम्प्युटर आधी 'क' साठवतो, मग वेलांटी. पण पडद्यावर वेलांटी 'क' च्या आधी यावी लागते. 'क्ष' हे तीन चिन्हांपासून बनतं: क, हलन्त आणि ष. 'आचार्य' मधला र वर चढतो, 'वाऱ्यावर' मधला र आडवा होतो. ही जुळवाजुळव करणारा भाग नसेल तर फॉन्ट कितीही चांगला असला तरी 'क्षितिज' चे तुकडे पडतात. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड यांत हे काम हार्फबझ करते. म्हणून मोबाईलवर मराठी मेसेज नीट दिसतो, पण त्याच मोबाईलवरच्या गेममध्ये तेच वाक्य मोडून पडू शकतं. कारण गेम अक्षरं स्वतःच्या इंजिनकडून काढून घेतो.

म्हणजे रेषा अशी जाते: गेम → इंजिन → इंजिनची कोणती आवृत्ती → त्यात हार्फबझ आहे का → देवनागरी नीट येते का.

- अनरियलमध्ये हार्फबझ आहे. पण त्याचं संपादन करायला ताकदीचा कॉम्प्युटर लागतो. पैशांचं म्हणाल तर गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्यावर पाच टक्के द्यावे लागतात.
- युनिटीच्या टेक्स्टमेश प्रोमध्ये देवनागरीची जोडाक्षरं दीर्घकाळ नीट येत नव्हती. लोक वेगळं प्लगइन घालून किंवा मजकुराचं चित्र करून काम भागवत आले. हार्फबझवर चालणारी नवी व्यवस्था युनिटी ६ च्या काळात आली.
- गोडो ३ मध्ये ही सोय नव्हती. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये हार्फबझ आहे. गोडो मोफत आणि खुलं आहे. त्याचा संपादक अँड्रॉइडवरही चालतो.

शेवटच्या मुद्द्यात एक बारकावा आहे. 'गेम मोबाईलवर चालतो' आणि 'गेम मोबाईलवर बनवता येतो' ही दोन वेगळी नाती आहेत. जाहिरातीत पहिलंच सांगतात. घरात कॉम्प्युटर नसलेल्या मुलीला दुसरं माहीत हवं.

तिचे तीन प्रश्न (पैसे लागू नयेत, घरच्या मोबाईलवर सुरुवात करता यावी, मराठी नीट दिसावी) नकाशावर ठेवले की उत्तर गोडो ४ कडे जातं. एखाद्या जुन्या धड्यावरून ती गोडो ३ शिकली असती, तर महिन्याभरानं मराठी वाक्य टाकताना अडकली असती. इथे सगळा फरक आवृत्तीच्या एका आकड्याचा आहे.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

१. *कागदावर करा.* ओळखीचे पाच गेम घ्या. प्रत्येकाचा निर्माता, इंजिन, प्लॅटफॉर्म आणि वर्ष चिठ्ठ्यांवर लिहा. चिठ्ठ्या फळ्यावर लावून दोऱ्यानं जोडा. कॉम्प्युटर लॅब नसलेल्या शाळेतही हा एका तासाचा उपक्रम होतो.

२. *नात्यांची नावं आधी ठरवा.* एकानं 'इंजिन', दुसऱ्यानं 'वापरलेलं सॉफ्टवेअर' आणि तिसऱ्यानं 'कशात बनवला' असं लिहिलं तर जाळं जुळत नाही. सात-आठ नाती पुरेशी होतात.

३. *तक्ता करा.* पाच रकाने: वस्तू, नातं, दुसरी वस्तू, कधीपासून, पुरावा. पुराव्याचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ कच्ची समजा.

४. *मग विकिडेटावर जा.* पहिलं काम म्हणून मराठी नावं भरा. इंजिन, प्लॅटफॉर्म, गेमचे प्रकार यांना मराठी नाव आणि एका ओळीचं वर्णन द्या. यात चूक होण्याचा धोका कमी आहे आणि उपयोग लगेच दिसतो.

५. *नव्या नोंदी शेवटी करा.* तुमच्या मित्रानं काल बनवलेला गेम तिथे टिकणार नाही. नोंदीला स्वतंत्र, तपासता येईल असा स्रोत लागतो. स्वतःच्या जाहिरातीसाठी केलेल्या नोंदी काढून टाकतात. तोवर तो गेम तुमच्या स्वतःच्या तक्त्यात ठेवा.

या पद्धतीच्या मर्यादा

ग्राफमध्ये एखादी गोष्ट नाही, याचा अर्थ ती जगात नाही असा होत नाही. 'महाराष्ट्रात बनलेले गेम' असा प्रश्न विचारल्यावर जी यादी येते, ती कुणीतरी नोंदलेल्या गेमची असते. अमेरिका, जपान आणि युरोपच्या गेमवर लिहिणारे जास्त, म्हणून तिकडची जाळी दाट.

दुसरं, अनेक कंपन्या आपलं इंजिन आणि आतले भाग उघड करत नाहीत. तिथे रेषा तुटलेलीच राहते. अंदाजानं ती जोडणं म्हणजे नकाशावर नसलेला रस्ता काढणं.

तिसरं, गेम चांगला का वाटतो हे ग्राफ सांगत नाही. राजी अनरियलवर बनला हे त्यातून कळतं. राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैलीवर बेतलेलं त्याचं जग डोळ्यांत का भरतं, हे खेळल्यावरच कळतं.

आटपाडीच्या मुलीचा गेम पुरा झाला आणि कुणी त्याबद्दल लिहिलं, तर विकिडेटावर एक नवा ठिपका येईल. त्याच्या रेषा गोडोला, मराठीला आणि आटपाडीला जोडलेल्या असतील. शेटफळे, स्वतंत्रपूर आणि गदिमांच्या रेषा आटपाडीला येऊन मिळतात, तिथेच हीही येऊन मिळेल.